मान डोलावणारी माणसे

टोपणनाव ठेवण्याच्या कलेत आपला हात धरणारे दुसरे कोणी नाही, असे आपण मराठी लोक मोठ्या अभिमानाने म्हणतो. शाळेतले मास्तर, कचेरीतले साहेब, चाळीतले भाडेकरू, सासरची माणसे, कोणीही त्यातून सुटत नाही. बारशाला ठेवलेले नाव रेशनकार्डावर राहते आणि लोकांनी ठेवलेले नाव तोंडोतोंडी चालते. माणूस जातो, त्याची पेन्शन थांबते, पण टोपणनाव मात्र दोन-दोन पिढ्या जगते. त्यातही ते नाव मार्मिक असले, त्यात चार जणांना हसवण्याइतकी गंमत असली, की मग त्या माणसाने आयुष्यात आणखी काही केले होते की नाही, याची चौकशी करायला कोणी थांबत नाही.

अशाच एका नावाने मला गेली काही वर्षे बेचैन केले आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुंबईचे एक पारशी गृहस्थ विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेले होते. सर मंचरजी मेरवानजी भावनगरी हे त्यांचे नाव. इंग्रजीत ते आपले आडनाव ज्या रीतीने लिहीत, त्यात कोणा विनोदी माणसाला एक कोटी सापडली. त्याने आडनावाचे तुकडे पाडले आणि म्हटले, हे भावनगरी नव्हेत, हे 'बाउ अँड ॲग्री'! म्हणजे वाका आणि हो म्हणा. इंग्रजीत त्यासाठी तीन शब्द खर्ची पडले. मराठीत एकच पुरला असता: नंदीबैल.

दादाभाई नवरोजींचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते जेमतेम तीन-पाच मतांनी निवडून आले. इंग्रजांना 'नवरोजी' उच्चारता येईना, तेव्हा त्यांनी 'नॅरो मेजॉरिटी' म्हणजे निसटते मताधिक्य अशी कोटी केली. पण ती कोटी प्रेमाची होती. भावनगरींच्या वाट्याला आलेली कोटी प्रेमाची नव्हती, आणि ती करण्यात आपलेच देशबांधव पुढे होते. का, ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

मंचरजींचा जन्म मुंबईचा, १५ ऑगस्ट १८५१ चा. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे. त्यांचे वडील भावनगर संस्थानचे मुंबईतले एजंट होते; आडनावही त्याच गावावरून आलेले. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला. ज्या कॉलेजात दादाभाईंनी प्राध्यापकी केली होती, तेच हे कॉलेज. मंचरजींनी काही दिवस वृत्तपत्रात काम केले, मग वडिलांच्या मागे संस्थानची एजंटी सांभाळली. व्हिक्टोरिया राणीने स्कॉटलंडातल्या आपल्या मुक्कामांविषयी लिहिलेल्या रोजनिशीचा त्यांनी गुजरातीत अनुवाद केला. तो १८७७ साली निघाला. एवढ्यावरून त्यांच्या मनाचा कल कुठे होता हे कोणालाही कळेल. १८८२ साली ते विलायतेला गेले आणि १८८५ साली बॅरिस्टर झाले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वसाहतींचे व हिंदुस्थानचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या कामात त्यांचा हात होता, आणि त्याबद्दल त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला.

१८९५ साली विलायतेत सार्वत्रिक निवडणूक लागली. लंडनच्या पूर्व भागातल्या बेथनल ग्रीन ईशान्य या मतदारसंघातून मंचरजी उभे राहिले, आणि तेही कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे! हा पक्ष म्हणजे साम्राज्याचा, जमीनदारांचा, बड्या लोकांचा. त्या वेळी या पक्षाची लिबरल युनियनिस्ट मंडळींशी युती होती, आणि दोघांना मिळून युनियनिस्ट म्हणत. 'युनियन' म्हणजे आयर्लंड आणि ब्रिटन यांची एकी. ग्लॅडस्टन साहेबांनी १८८६ साली आयर्लंडला होमरूल द्यायचे बिल आणले, तेव्हा त्यांचा लिबरल पक्ष दुभंगला. जोसेफ चेंबरलेनसारखे मातबर पुढारी बाहेर पडले आणि आयर्लंड सोडायचे नाही या एका मुद्द्यावर कॉन्झर्व्हेटिव्हांना जाऊन मिळाले. दादाभाई आयर्लंडच्या होमरूलच्या बाजूचे. भावनगरी विरुद्ध बाजूचे. ज्या शब्दाला विरोध करून भावनगरींचा पक्ष सत्तेवर आला, तोच 'होमरूल' शब्द १९१६ साली लोकमान्य टिळकांनी आपल्या चळवळीच्या निशाणावर लिहिला.

बेथनल ग्रीन ही काही साहेबांची पेठ नव्हती. एके काळी तिथे रेशमी कापडाचे माग घराघरांतून चालत. १८६० साली फ्रान्सशी तह होऊन तिकडच्या रेशमावरची जकात उठली आणि ते माग बसले. मग सुतारकाम, जोडे, शिवणकाम अशा हातावरच्या धंद्यांवर लोक पोट भरू लागले. आमच्या भिवंडीच्या मागवाल्यांना हे वर्णन परके वाटू नये. अशा गरीब वस्तीचा आधीचा प्रतिनिधी जॉर्ज हॉवेल हा स्वतः एके काळचा गवंडी, कामगार संघटनांचा जुना पुढारी. दहा वर्षे तो तिथून निवडून येत होता. त्याला मुंबईच्या या बॅरिस्टरने १६० मतांनी पाडले. एका परक्या, काळ्या माणसाने आपल्याला घालवले, ही सल हॉवेलच्या मनातून गेली नाही. गंमत पाहा: १८८८ साली दादाभाईंना उद्देशून 'काळा माणूस' असे उद्गार काढणारे लॉर्ड सॅलिसबरी हेच या वेळी भावनगरींच्या पक्षाचे नेते आणि देशाचे पंतप्रधान!

त्याच निवडणुकीत दादाभाई पडले. इकडे हिंदुस्थानात लोकांनी हे दोन निकाल एकाच वेळी ऐकले. ज्याने आपली गाऱ्हाणी मांडली तो हरला, आणि ज्याने काँग्रेसला विरोध केला तो जिंकला. त्या वर्षीची काँग्रेस पुण्याला भरायची होती. तिच्या उत्साहावर हे पाणी पडल्यावर मंचरजींविषयी लोक गोड बोलतील, ही अपेक्षाच चुकीची. त्यातून आणखी एक विपरीत गोष्ट होती. स्कॉटलंडातून निवडून आलेले सर विल्यम वेडरबर्न हे पार्लमेंटात काँग्रेसची बाजू मांडत होते. गोरा माणूस हिंदुस्थानच्या बाजूने आणि हिंदी माणूस सरकारच्या बाकावर! १८९७ साली तर कळस झाला. पुण्यात प्लेगचा कहर, रँडचा खून, टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा. आणि त्याच वर्षी मंचरजी के. सी. आय. ई. होऊन 'सर' झाले. कोटी करणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

इथपर्यंतची हकीकत वाचून वाचक म्हणतील, मग बरोबरच ठेवले की नाव! पण पार्लमेंटाच्या दप्तरात या माणसाची दुसरी बाजू लिहून ठेवलेली आहे.

त्या काळात आपले हजारो लोक मजुरीच्या करारावर दक्षिण आफ्रिकेत गेले होते. नाताळ वसाहतीत करार संपलेल्या मजुराने तिथेच राहायचे म्हटले, तर १८९५ च्या कायद्याने त्याच्या डोक्यावर वर्षाला ३ पौंडांचा कर बसला. ट्रान्सवालमध्ये १८८५ च्या कायद्याने हिंदी माणसाला नागरिकत्व नाही, ठरलेल्या वस्तीबाहेर जमीन नाही. पदपथावरून चालायचीसुद्धा चोरी. गांधीजी तिथे वकिली करीत होते आणि विलायतेत आपली गाऱ्हाणी कोण मांडील, या शोधात होते. त्यांनी दादाभाईंना पत्रे लिहिली, वेडरबर्नना लिहिली, आणि सर मंचरजींनाही लिहिली. मंचरजींनी ती पत्रे टोपलीत टाकली नाहीत. त्यांनी पार्लमेंटात प्रश्नावर प्रश्न विचारले. वसाहतमंत्री कोण, तर चेंबरलेन. म्हणजे आपल्याच युतीचा सर्वांत बलाढ्य पुढारी. बोअर लोकांशी १८९९ साली युद्ध सुरू झाले, तेव्हा ट्रान्सवालमधल्या हिंदी प्रजेच्या हालांचाही दाखला ब्रिटिश मंत्र्यांनी दिला होता. १९०२ साली युद्ध संपले, ट्रान्सवाल ब्रिटिशांचे झाले, आणि बोअरांचे तेच कायदे ब्रिटिश अधिकारी अधिक काटेकोरपणे चालवू लागले. ही विसंगती मंचरजींनी सभागृहात आणि मंत्र्यांच्या दारात पुन्हा पुन्हा दाखवून दिली. चेंबरलेन गेले, त्यांच्या जागी लिटलटन आले, तरी यांचा पिच्छा सुटला नाही.

दुसरा त्यांचा ध्यास धंदेशिक्षणाचा. हिंदुस्थानचे जुने उद्योग बुडाले, कारागीर देशोधडीला लागले, तेव्हा तिथल्या मुलांना नुसती कारकुनी शिकवू नका, हातचे हुन्नर आणि यंत्रविद्या शिकवा, असे ते सांगत. हे सांगताना ते सरकारी बाकावर बसलेले असत. त्या वेळी पार्लमेंटाच्या सभासदाला पगार नव्हता. तो १९११ साली सुरू झाला. म्हणजे हा उद्योग पदरमोड करूनच चाललेला.

यावरून कोणी असे समजू नये, की मी सर मंचरजींचे वकीलपत्र घेतले आहे. 'पाहा, हिंदी लोक आमच्यावर किती संतुष्ट आहेत, त्यांचाच माणूस आमच्या बाकावर आहे,' असे म्हणायला त्यांच्या पक्षाला ते उपयोगी पडले, यात शंका नाही. तरी नंदीबैलाचा एक नियम असतो: मालक विचारील त्याला तो मान हलवतो, आपण होऊन मालकाला प्रश्न विचारीत नाही. हा नंदी दहा वर्षे प्रश्न विचारीत होता.

या माणसाचा मी इतका विचार का करतो, हे सांगायचे तर मला आमच्या गावी जावे लागेल.

आमचे घर मानकोलीचे. मुंबईहून नाशिकला मोटारीने जाताना भिवंडीच्या अलीकडे आमचे गाव लागते; पण आता गाव दिसत नाही, गोदामे दिसतात. परदेशातून आलेला माल, घरोघर पोचवायची खोकी, आणि ती वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगा. खाडीवर पूल झाला आणि डोंबिवली आमच्या अंगणाला येऊन टेकली. माझ्या लहानपणी मात्र इथे भातशेती होती आणि खाडीच्या बाजूला खार जमीन. खार जमिनीचा जीव म्हणजे तिचा बांध. उधाणाला बांधाला खांड पडली, की खारे पाणी भातात शिरते. आणि एकदा मीठ मुरले, की जमीन दोन-तीन वर्षे हाताला लागत नाही. शेजारच्या अंजूरचे गंगाजी नाईक आपल्या मुलखाचे गाऱ्हाणे घेऊन पेशव्यांच्या दारी गेले आणि पुढे १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली, ही कथा आम्ही मुले आजीकडून ऐकत असू. दरबारी अर्ज घेऊन जाणे ही आमच्या भागाची जुनी रीत, असे ती म्हणे.

आमच्या घरात ही रीत तात्यांनी उचलली. तात्या म्हणजे माझे थोरले काका. ते शेती करीत, खादीची टोपी घालीत, आणि सत्ताधारी पक्षाचे काम करीत. माझे वडील भिवंडीला एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस होते. ते संयुक्त महाराष्ट्र समितीचे. एका छपराखाली दोन पक्ष. १९५५-५६ च्या त्या दिवसांत ही गोष्ट साधी नव्हती. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून लोक रस्त्यावर आले होते, फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडत होती, आणि सत्ताधारी पक्षाची टोपी घालून गावातून चालणे म्हणजे शिव्यांची माळ गळ्यात घालून चालणे होते.

तात्यांना गावाने 'नंदी' म्हणायला सुरुवात केली ती तेव्हाच. साहेब मान हलव म्हणतो आणि हा हलवतो! ते रस्त्याने निघाले, की पोरे मागून नंदीवाल्याच्या ढोलासारखा 'गुबुगुबु' आवाज काढीत. तात्या मागे वळून बघत नसत. पण घरी आल्यावर हातपाय धुवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावीत, हे आम्हा मुलांच्याही लक्षात येई.

एके रात्री जेवताना वडिलांनी विचारले, "दादा, गोळ्या चालल्या तेव्हा तू काय बोललास?"

तात्या काही बोलले नाहीत.

"गावाची अब्रू घालवलीस तू."

"अब्रू तू सांभाळ. मी बांध सांभाळतो," तात्या म्हणाले आणि भात तसाच टाकून उठले.

त्यानंतर दोघे भाऊ जवळजवळ दोन वर्षे एका पंगतीला बसले नाहीत. आजी दोनदा पाने मांडी. पहिल्या पंगतीला वडील, दुसऱ्या पंगतीला तात्या. आणि मध्ये ती स्वतः चुलीपाशी, कोणाकडेच न बघता. दिवाळीत पहिली आंघोळ कोणी करायची यावरूनही घरात शांतता पसरे. राजकारण घरात कुठून शिरते हे पुस्तकांतून कळत नाही. ते आईच्या चुलीपाशी बसल्यावर कळते.

१९५८ साली पावसाळा संपता संपता बांधाला मोठी खांड पडली. भात पोटरीला आलेले. वडिलांनी आणि समितीच्या मंडळींनी कचेरीवर मोर्चा न्यायचे ठरवले. गावोगाव माणसे फिरली. तात्या एकटेच अर्ज घेऊन चार दिवस त्याच कचेरीच्या बाकावर बसून राहिले. मोर्चा ठरला त्याच्या आदल्या संध्याकाळी बांधाच्या कामाला मंजुरी मिळाली. वडील म्हणाले, मोर्चाच्या धाकाने मिळाली. तात्यांची माणसे म्हणाली, तात्यांच्या शब्दावर मिळाली. बांध झाला, निम्मे भात वाचले, आणि श्रेय कोणाचे हा वाद गावात पुढे वीस वर्षे चालला.

तात्या थकल्यावर मी एकदा त्यांना सरळच विचारले, "तात्या, खरे काय झाले होते हो?"

ते हसले. म्हणाले, "मंजुरीचा कागद हातात देताना कारकून म्हणाला, तुमच्या भावाचा मोर्चा उद्या यायचाय, म्हणून तुमचा अर्ज आज वर आला. मी म्हटले, आणि माझा अर्ज तिथे नसता तर? तो म्हणाला, तर उद्या मोर्चाला आश्वासन दिले असते. कागद नसता दिला."

"मग हे बाबांना का नाही सांगितलेत?"

"सांगितले असते, तर तो माझ्याशी बोलायला लागला असता. मग त्याच्या लोकांनी त्यालाही नंदी म्हटले असते."

गोळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी शेवटपर्यंत दिले नाही. मीही विचारले नाही. ते मौन त्यांच्या खात्यावर आहेच. कोणत्याही बांधाने ते पुसले जायचे नाही, आणि ते पुसावे असे माझेही म्हणणे नाही. पण खात्याला दोन बाजू असतात, एवढे आमच्या हिशेबनीस वडिलांनी मला लहानपणीच शिकवले होते. काही वर्षांपूर्वी गावातल्या तरुण मंडळींनी एस. टी. च्या थांब्यावर उतारूंसाठी शेड बांधायची ठरवली, आणि कोणीतरी तात्यांचे नाव सुचवले. माझ्याच वयाचा एक जण पटकन म्हणाला, "नंदीचे नाव?" सगळे हसले. शेड झाली, नाव कोणाचेच दिले नाही. त्या पोरांना तात्यांविषयी दुसरी काहीच माहिती नव्हती. ज्या बांधामुळे त्यांच्या आजोबांचे शेत वाचले, तो बांध गोदामाच्या भरावाखाली गेला, शेतही गेले. उरला तो फक्त 'गुबुगुबु'.

सर मंचरजींचा शेवटही असाच झाला. १९०० साली ते पुन्हा निवडून आले, आणि या वेळी मताधिक्यही वाढले. पण १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाची अशी लाट आली, की आधीचे पंतप्रधान बाल्फोरसुद्धा मँचेस्टरमध्ये आपटले. सारा युनियनिस्ट पक्ष दीडशेच्या आसपास जागांवर आला. त्या लाटेत बेथनल ग्रीनची जागाही गेली. सभासदकी संपली, की बहुतेक लोक प्रश्नही सोडतात. यांनी सोडला नाही. त्याच वर्षी ट्रान्सवालमध्ये प्रत्येक हिंदी माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा वटहुकूम निघाला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एंपायर थिएटरात हिंदी लोकांनी तो न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म तो. गांधीजी आणि हाजी वजीर अली लंडनला आले, आणि ८ नोव्हेंबरला वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांना एक शिष्टमंडळ भेटले. त्या शिष्टमंडळात कोण होते? दादाभाई नवरोजी होते, आणि सर मंचरजी भावनगरीही होते! ज्यांची तोंडे अकरा वर्षे दोन दिशांना होती, ते दोघे एका दालनात, एका मागणीसाठी उभे होते. पुढे लंडनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी जी समिती झाली, तिच्या कामातही मंचरजी होते.

सरकारने तो वटहुकूम नामंजूर केला खरा. पण पुढच्याच वर्षी ट्रान्सवालला स्वतःचे सरकार मिळाले आणि तोच कायदा त्यांनी पुन्हा पास केला. अर्जाचा हा असा पराभव झाला. डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंनी 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला. १९०६ या एका वर्षात भावनगरींची खुर्ची गेली, दादाभाईंचा धीर संपला आणि गांधीजींना नवी वाट सापडली. आत बसून कागद मिळवण्याचे दिवस सरले होते. आता मोर्चाचे दिवस आले होते. तरीही मला वाटते, शपथ घेणाऱ्या त्या लोकांची बाजू लंडनच्या दप्तरात आधीपासून लिहिलेली होती, ती लिहून ठेवणाऱ्यांत या 'हो म्हणणाऱ्या' माणसाचाही हात होता.

मंचरजींनंतर पार्लमेंटात गेलेला तिसरा हिंदी माणूसही मुंबईचा पारशीच: शापूरजी सकलातवाला, जमशेटजी टाटांचा भाचा, आणि पक्का कम्युनिस्ट. १९२२ साली तो बॅटर्सीमधून निवडून आला. एका शहराने, एका चिमुकल्या समाजाने तीन माणसे पाठवली: एक लिबरल, एक कॉन्झर्व्हेटिव्ह, एक कम्युनिस्ट. १९२९ साली सकलातवाला हरल्यावर हिंदी रक्ताचा माणूस पुन्हा त्या सभागृहात यायला १९८७ साल उजाडावे लागले. आणि २०२२ साली ऋषी सुनक पंतप्रधान झाले ते भावनगरींच्याच पक्षाचे. आपल्याकडे पेढे वाटले गेले. पेढे वाटताना भावनगरींची आठवण फारशी कोणाला झालेली दिसली नाही. पण आठवण झाली असती, तर बहुधा त्या कोटीचीच झाली असती.

दिवाळीत आपल्याकडे पाहुणेरावळे जमतात. चकली-कडबोळ्यांबरोबर राजकारणही ताटात येते, आणि हल्ली त्याला मिरचीची फोडणी जरा जास्तच असते. अमका विकला गेला, तमका लाचार आहे, हा त्यांचा भाट, तो यांचा नंदी! एकाच सोफ्यावर बसणारे दोन भाऊ, मामा-भाचे, सासरे-जावई या शब्दांनी दुरावतात. आमच्या आजीच्या दोन पंगती मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहावेसे वाटले. नाव ठेवू नये असे मी म्हणत नाही. मान डोलावणारी माणसे असतात आणि पुष्कळ असतात. पण नाव ठेवण्यापूर्वी त्या माणसाने आत जाऊन काय मागितले, कोणासाठी मागितले, आणि त्यातले स्वतःसाठी किती होते, एवढे विचारून घ्यावे. उत्तर वाईट आले, तर मग खुशाल ढोल वाजवावा.

सर मंचरजी १४ नोव्हेंबर १९३३ रोजी लंडनमध्ये वारले. त्यांना ब्रिटिश साम्राज्य कायमचे वाटत होते. ते गेले तेव्हा त्या साम्राज्याला आपल्या देशात आणखी चौदा वर्षेच उरली होती. १९४७ साली ते संपले तो दिवस १५ ऑगस्टचा. मंचरजी असते तर त्या दिवशी त्यांना शहाण्णव वर्षे पूर्ण झाली असती. त्या दिवशी ते कोणत्या बाजूला उभे राहिले असते, हे मला सांगता येत नाही. पण दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या प्रश्नाचे काय झाले, हे त्यांनी कोणाला तरी गाठून नक्की विचारले असते.